गाण्याच्या कपाटाचा मूळ रंग

अण्णांना लेकीच्या घरी आणून बरेच महिने झाले, तरी अण्णा अजून पाहुणेच होते. सकाळी सगळं ठाकठीक असायचं. चहात बिस्किट बुडवून ते तुटून पडायच्या आत तोंडात टाकायचं, हे कौशल्य त्यांना अजून सोडून गेलेलं नव्हतं. पेपर वाचायचे, वाचलेलाच पुन्हा वाचायचे आणि दोन्ही वेळा तितकेच चिडायचे. पण दिवे लावायची वेळ झाली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. उठायचे, कोपऱ्यातली हातपिशवी उचलायचे, तीत टॉवेल, कंगवा, टीव्हीचा रिमोट, जे हाताला लागेल ते कोंबायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे.

"चला, निघतो आम्ही. घरी वाट बघत असतील."

"अण्णा, हेच आपलं घर आहे," लेक म्हणायची.

"छान आहे हो घर तुमचं," अण्णा म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे.

ही लेक म्हणजे चिंगी. चिंगी म्हटलं म्हणून दोन वेण्यांची पोर डोळ्यांसमोर आणू नका. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्यांना पट्टे बांधून जिने चढणारी बाई होती ती. तिनं नुसता चष्मा वर सरकवला तरी अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. घरात मात्र अण्णांनी ठेवलेलं चिंगी हेच नाव तिला कायमचं चिकटलं होतं. आणि आता त्याच अण्णांच्या तोंडून ते येईनासं झालं होतं. ते तिला 'अहो बाई' म्हणायचे, कधी 'सिस्टर' आणि खूश असले तर 'वहिनी'. तिला ते फार लागायचं. जावईबापू, म्हणजे तिचा नवरा, समजूत काढायचे, "अगं, मला तर ते वॉचमन समजतात. रोज विचारतात, पाणी किती वाजता येणार. मी कधी वाईट वाटून घेतलंय का?" यावर हसावं की रडावं ते तिला कळायचं नाही.

ज्या घरी जायला अण्णा निघायचे ते घर आता उरलंच नव्हतं. ती इमारत पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती, आणि वाट बघणारी चिंगीची आईही जाऊन कैक वर्षं लोटली होती. हे अण्णांना सांगणार कोण? चिंगीनं एकदाच सांगून पाहिलं. अण्णांनी ते पहिल्यांदाच कळल्यासारखं ऐकलं आणि असे कोसळले की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

मग एका संध्याकाळी जावईबापू कचरा टाकायला खाली उतरले आणि दार लोटायचं राहिलं. अण्णा सटकले. सगळी इमारत शोधायला धावली. चिंगी जिन्याच्या कठड्यावरून वाकून हाका मारत राहिली. अण्णा सापडले ते बसथांब्यावर, कंडक्टरशी तावातावानं भांडताना. त्यांना हव्या त्या थांब्याचं तिकीट तो देत नव्हता, आणि देणार कुठून, तो थांबाच बंद होऊन जमाना झाला होता.

त्याच दिवशी दूरच्या शहरातून धाकट्याचा, म्हणजे चिंगीच्या भावाचा, फोन आला.

"ताई, पुरे झालं आता. उद्या गाडीखाली आले तर?"

"मी दाराला कुलूप लावीन."

"बापाला कुलपात ठेवणार? ऐक माझं. मी एक जागा बघितलीय. बाग आहे, नर्स आहेत, चोवीस तास माणूस आहे. खोली धरून ठेवायला सांगितलीय. महिनाअखेरीला मी येतो. तोवर अण्णा तुझ्याकडे रुळले तर माझं काही म्हणणं नाही. नाही रुळले तर मी त्यांना घेऊन जाणार."

धाकटा वाईट नव्हता. उलट त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच चिंगीला त्याचा राग आला. तिला अण्णांना कुठेही पाठवायचं नव्हतं. नर्स चांगल्या असतील, बाग चांगली असेल, पण संध्याकाळी पिशवी घेऊन उभं राहिलेल्या म्हाताऱ्याला तिथे कुणी सांगेल का की हे तुमचं घर आहे? आणि सांगितलं तर ती शुद्ध थापच की!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा पुन्हा पिशवी घेऊन उभे. चिंगी कंटाळून म्हणाली, "अण्णा, हे घर नाही असं का वाटतं तुम्हाला? काय कमी आहे इथे?"

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली आणि अगदी शहाण्या माणसासारखे म्हणाले, "घर असतं तर इथे गाण्याचं कपाट असतं ना."

चिंगीनं कपाळावर हात मारून घेतला. तिला ते स्वतःला कसं सुचलं नाही?

दुकानदार त्याला रेडिओग्राम म्हणायचे. धाकटा हल्ली शिकल्यासारखा स्टिरिओ कन्सोल म्हणायचा. घरात ते पहिल्यापासून गाण्याचं कपाट. चार निमुळत्या पायांवर उभं, कमरेइतकं उंच, आडवं लांबट लाकडी कपाट. दोन्ही अंगांना कापडामागे स्पीकर, मध्ये रेडिओची काचेची पट्टी, आणि वरचं झाकण उचललं की आत रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी. घर रिकामं करताना ते टाकवेना आणि ठेवायला जागाही नव्हती, म्हणून जावईबापूंच्या एका मित्राच्या गोदामात पडलं होतं. तिथून ते आणलं तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. वर रंगाचे डबे ठेवून ठेवून गोल डाग पडलेले, एक पाय लुळा, पॉलिश काळंकुट्ट होऊन चिरा गेलेल्या.

"हे घर आहे होय?" जावईबापू म्हणाले. "हे बघून मीच पिशवी भरीन."

पण लगेच पेचकस घेऊन बसलेही. आतलं यंत्र आणि स्पीकर काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरले आणि पुढचे कितीतरी दिवस सगळ्यांना ताट मांडीवर घेऊन जेवावं लागलं. रिकामं लाकडी कपाट मागच्या गॅलरीत गेलं. ते चिंगीचं काम.

तिला ते काम येत होतं, कारण लहानपणी दर सुट्टीत तिनं ते केलं होतं. अण्णा नकाशांच्या कचेरीत होते. दिवसभर बारीक निबानं रेघा ओढायच्या, त्यामुळे हात कमालीचा स्थिर. बाजारातून चपडा आणायचे, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, ते स्पिरिटमध्ये भिजत घालायचे की पॉलिश तयार. जुन्या बनियनच्या तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा मान चिंगीचा. मग सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं आणि अण्णांनी कपाटावर त्या वर्षीच्या पॉलिशचा हात फिरवायचा. पोरांनी वर्षभरात पाडलेले ओरखडे तेव्हा उघडे पडायचे. कधी धाकट्याची तीनचाकी धडकलेली असायची, कधी चिंगीच्या कंपासपेटीचा कोपरा लागलेला असायचा. अण्णा लाड करणाऱ्यांतले नव्हते, पण ओरखड्यावरून त्यांनी कुणाला कधी मारलं नाही. पॉलिशमध्ये चिमूटभर गडद रंग टाकायचे, ओरखड्यावरून बोळा फिरवायचे आणि म्हणायचे, "झाकलं. आता दिसतंय का काही?" खरंच दिसायचं नाही. मग ते हात धुवायला जायचे आणि आई नवी रेकॉर्ड लावायची. तो दिवस आठवला की चिंगीच्या नाकात अजून स्पिरिटचा वास यायचा.

ज्यात विरघळवून लावलं त्यातच ते निघणार, हे विज्ञानाच्या बाईंना सांगायला नको. तिनं चिंधी स्पिरिटमध्ये भिजवली आणि झाकणाच्या कोपऱ्यावर घासली. काळा चिकट राप चिंधीला लागून आला. वास घरभर पसरला. आणि गॅलरीच्या दारात अण्णा येऊन उभे राहिले.

"फार ओली केलीस चिंधी, चिंगे," ते म्हणाले. "पिळून घे की जरा."

चिंगीनं बाटली खाली ठेवली.

"काय म्हणालात?"

"पिळून घे म्हटलं. आणि हात आडवा नको मारू, लाकडाच्या रेषेबरोबर ने." मग त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली आणि बसले. "परीक्षा झाली ना तुझी? कशी गेली?"

"बरी गेली," चिंगी म्हणाली, आणि चष्मा काढून बाहीला डोळे पुसले. "स्पिरिट झोंबतंय हो फार."

"मग खिडकी उघड. अक्कल नाही पोरीला."

किती दिवसांनी शिवी खाल्ली होती! तिनं ती जपून ठेवली आणि रात्री जेवताना नवऱ्याला तीनतीनदा सांगितली.

त्यानंतर रोज सकाळचा चहा झाला की दोघं गॅलरीत. ती घासायची, अण्णा हुकूम सोडायचे. मध्येच चिंधी हिसकावून घ्यायचे, आणि एरवी शर्टाची गुंडी लावताना थरथरणारा तो हात लाकडावर अगदी सरळ चालायचा. एकेक थर निघत होता आणि अण्णांच्या तोंडून एकेक गोष्ट. कचेरीतला साहेब, जिन्याखाली राहणारा खोकणारा शिंपी, आईनं रेडिओवर पाककृती ऐकत एकदा दुधाचं पातेलं जाळलं ते. चिंगीला वाटायचं, हे काम कधी संपूच नये. संध्याकाळी पिशवी भरणं चालूच होतं, पण तिला आता खात्री वाटायला लागली होती. कपाट तयार होऊन खोलीत आलं की अण्णा रुळणार. मग धाकट्यानं खुशाल ती खोली दुसऱ्या कुणाला द्यावी.

आता गंमत बघा. ही बाई जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडली की निरीक्षण करा, नोंद घ्या, मग अनुमान काढा. आणि स्वतःच्या नाकासमोर काय चाललंय ते तिला दिसलं नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं ते कॉलेजच्या परीक्षेचं. काही दिवसांनी विचारलं, "शाळेला सुट्टी लागली वाटतं?" त्याच्या पुढच्या आठवड्यात दबक्या आवाजात म्हणाले, "धाकटा पाळण्यात झोपलाय ना? हळू घास." मग एकदा तिनं बाटली उचलली तर जवळजवळ ओरडलेच, "चिंगे, ठेव ते! लहान मुलांनी हात नाही लावायचा!" ती हसली, बाटली ठेवली, आणि अण्णा आपल्याशी किती बोलतात या आनंदात पुन्हा चिंधी भिजवली. लाकूड दिवसागणिक उजळत चाललं होतं.

शेवटी लाखेचे सगळे थर गेले आणि खाली कारखान्यातला मूळ थर लागला. पातळ, जागोजाग विटलेला, पण रंग बघून चिंगी बघतच राहिली. मधासारखा. उन्हात धरलेल्या मधासारखा. त्यात लाकडाच्या रेषा अशा स्वच्छ की अण्णांनीच निबानं ओढल्यात असं वाटावं. जन्मभर ज्याला ती काळं कपाट म्हणत आली ते मुळात काळं नव्हतंच.

"अण्णा, बघा ना! काय सुंदर आहे!"

अण्णांनी बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. "छान हात आहे तुमचा," ते अदबीनं म्हणाले, आणि उठून आत गेले.

थकले असतील, असं तिनं मनाशी म्हटलं. तरीही मनात पाल चुकचुकलीच.

तिनं धाकट्याला व्हिडिओ कॉल लावून कपाट दाखवलं.

"ताई, हे कुणाचं आहे?"

"कुणाचं काय? आपलं!"

"चल! आपलं काळं होतं. रात्री त्याच्या कडेला कुणी उभं असलं तरी कळायचं नाही. मी भ्यायचो. हे भलतंच काहीतरी आहे, एखाद्या हॉटेलातलं. काळा रंग मार त्याला परत."

"अरे, ते काळं नव्हतंच. आपण काळं केलं. तू आणि मी. आपले ओरखडे झाकता झाकता अण्णांनी त्याला काळं केलं."

धाकट्यानं फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा एकदा बघितलं. "तरी पण," धाकटा म्हणाला, "मला आठवतं ते तेच आहे."

जावईबापूंचं मत विचारलं तर म्हणाले, "माझं लग्न काळ्या कपाटाशेजारी बसून ठरलं. मी काळ्याच्या बाजूनं." पण ते सगळ्याच गोष्टींत मेव्हण्याच्या बाजूनं असायचे, म्हणून त्यांचं मत धरलं नाही.

गडद रंगाची पुडी तिनं आणलेलीच होती. कपाटाच्या मागच्या फळीवर तिनं जरासा लावूनही बघितला. लगेच ते ओळखीचं झालं, अगदी कालपरवाचं. तिचा हात पुडीवर होता. पण मग पुढून ते लाकूड दिसलं, आणि इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर ते पुन्हा झाकायचं तिच्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर तिला मिरवायचंही होतं. पुडी तिनं फडताळात टाकली आणि फिकट चपडा भिजत घातला.

शेवटचे दिवस तिनं अण्णांना गॅलरीत येऊ दिलं नाही. ओल्या पॉलिशवर धूळ बसते, आणि तयार झाल्यावर एकदम दाखवावं ही हौस. अगदी बारीक पॉलिशपेपरनं तिनं मूळ थर हलकेच घासला, लुळा पाय चिकटवला, स्पीकरचं कापड नवं लावलं, आणि बोळा फिरवत राहिली. एक हात, वाळू द्यायचा, पुन्हा एक हात. अण्णा मधल्या दारापलीकडे फिरायचे, पण हाक मारायचे नाहीत. जावईबापूंनी यंत्र परत बसवलं. रेडिओनं नुसती खरखर केली, पण तबकडी फिरायला लागली आणि स्पीकरमधून आवाज आला. टेबल मोकळं झालं म्हणून दोघांनाही फार आनंद झाला.

धाकटा ठरल्याप्रमाणे आला. पोहोचला तो दुपारी, अण्णा झोपलेले असताना. गॅलरीत गेला, कपाटाभोवती एक फेरी मारली, खिशात हात घालून उभा राहिला.

"चांगलं केलंयस," तो म्हणाला. "पण ताई, हे बघून ते रुळतील असं खरंच वाटतं तुला?"

"वाटतं."

"आणि आज संध्याकाळी पिशवी घेतलीच तर?"

"तर घेऊन जा," चिंगी म्हणाली. आवाज जितका ठाम निघायला हवा होता तितका निघाला नाही.

जावईबापू पाहुण्यासाठी काहीतरी आणायला बाजारात गेले होते. म्हणून बहीणभावंडांनीच कपाट उचललं. गॅलरीच्या दारातून तिरकं काढलं, बैठकीच्या खोलीत खिडकीशी ठेवलं, आणि धापा टाकत उभे राहिले. धाकट्याचा शर्ट घामानं भिजलेला, चिंगीची बोटं लाखेनं पिवळी झालेली. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजलं. दिवे लावायची वेळ झालीच होती.

अण्णा बाहेर आले आणि थबकले.

"आलं का?" ते म्हणाले.

ते पुढे आले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तशाच होत्या, पण चालण्यात काहीतरी निराळंच आलं होतं, एखाद्या पोरासारखं. त्यांनी झाकणावर तळहात ठेवला, कडेकडेनं फिरवला. वाकून पाय बघितले. मग धाकट्याकडे वळले.

"जिन्यात कुठे आपटलं नाही ना? ओरखडाबिरखडा?"

धाकट्यानं चिंगीकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

"आणि पॉलिश तुमचं?" त्यांनी चिंगीच्या बोटांकडे बघत विचारलं. "दुकानात दाखवलं होतं त्यापेक्षा सुंदर दिसतंय. बसा ना, उभे का? हळू बोला पण. ही आत पडलीय जरा. तिला दगदग नको सांगितलीय डॉक्टरांनी."

आतल्या खोलीत कुणी नव्हतं. तरी दोघांनीही त्या दाराकडे बघितलं, आणि दोघंही हलक्या पावलानं येऊन बसले.

"काय झालं त्यांना?" चिंगीनं विचारलं. खरं म्हणजे तिला कळलं होतं. विचारल्याशिवाय राहवेना, इतकंच.

अण्णा लाजले. चिंगीनं अण्णांना आयुष्यात कधी लाजताना बघितलं नव्हतं. "बाळ येणार आहे आमच्याकडे," ते म्हणाले. "पहिलंच. म्हणून तर हे घेतलं. घरात गाणं हवं म्हटलं. मला स्वतःला गाता येत नाही, आणि लहान मुलाशी काय बोलायचं असतं ते काही मला कळत नाही. निदान गाणं तरी लावता येईल." मग ते पुढे वाकले. "एक विचारायचं होतं. हा जो वास आहे पॉलिशचा, तो जाईल ना बाळ येईपर्यंत? त्याला काही होणार नाही ना?"

"काही होणार नाही," चिंगी म्हणाली. "उलट आवडेल तिला तो वास. फार आवडेल."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पोरांचं ठाऊक असतं मला. शाळेत आहे मी."

हे पॉलिशवालीच्या तोंडी काही शोभलं नाही, पण अण्णांनी ते ऐकून घेतलं. "चालायला लागलं की ओरखडे पाडेल म्हणा याच्यावर," ते म्हणाले.

"पाडेल," धाकटा म्हणाला. आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"पाडू दे की! कपाट काय, पुन्हा रंगवता येतं." अण्णा हसले. "लावून दाखवता का जरा? हळू, हं."

चिंगी उठली. रेकॉर्ड घातली, सुई टेकवली, आवाज अगदी बारीक केला. अण्णा खुर्चीत मागे टेकले. एक बोट हातावर ताल धरत होतं. बाहेर अंधारून आलं, रस्त्यावरचे दिवे लागले. कोपऱ्यातली पिशवी कोपऱ्यातच होती आणि अण्णांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. चिंगीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. माणूस घरी आला होता, अगदी सुखानं आला होता, आणि त्या घरात तिचा अजून जन्म व्हायचा होता. पुडीतला रंग लावला असता तर? कपाट काळंच ठेवलं असतं तर आज ते म्हणाले असते का, चिंगे, आवाज वाढव? तिला हुंदका आला तो तिनं गिळला. आतल्या माणसाला उठवायचं नव्हतं.

"ताई," धाकटा तिच्या कानाशी म्हणाला, "मी त्या लोकांना कळवतो, खोली नको म्हणून."

तिनं नुसती मान हलवली.

रेकॉर्ड संपली. अण्णा उठले, आणि आलेल्या माणसांना आता निरोप द्यायचा असतो तसे अवघडून उभे राहिले. "बराच वेळ मोडला तुमचा," ते म्हणाले. "अजून दुसरीकडे जायचं असेल."

मग धाकटा उठला. चिंगीही उठली. स्वतःच्याच घरात तिनं चपला पायात सरकवल्या आणि बापाच्या मागोमाग दारापर्यंत गेली. अण्णांनी दार उघडलं, बाजूला झाले, दोघांना बाहेर जाऊ दिलं.

"बाळ झालं की या हं बघायला," ते म्हणाले. "घर तर आता पाहिलंतच तुम्ही."

"येऊ की," चिंगी म्हणाली. "नक्की येऊ."

दार लागलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दोघं जिन्यात उभे राहिले. चिंगीचे गुडघे दुखत होते म्हणून ती पायरीवर बसली, आणि बसल्यावर तिला रडू आवरेना. धाकटा शेजारी बसला. त्यानं विचारलं, "आता काय करायचं?"

"थोडं थांबू. मग बेल वाजवू."

"आणि कोण म्हणून सांगायचं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "कुणीही म्हणून सांगू," ती म्हणाली. "घरात घेतील ते. आपल्या दारातून कुणाला परत पाठवलंय का त्यांनी कधी?"